एक जूनचे आम्ही

दर रविवारी सकाळी नांदेडमधल्या एका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात आमचा लेखनवर्ग भरायचा. आम्ही अकराजण होतो आणि शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक. त्या सत्रात त्यांनी एक इंग्रजी पुस्तक लावलं होतं, माणसं यशस्वी का होतात याबद्दलचं. लेखक मुद्दा कसा मांडतो, पुरावा कुठे देतो, कुठे हळूच निसटतो, ते बघायचं. मग तोच मुद्दा स्वतःच्या आयुष्याला लावून मराठीत निबंध लिहायचा.

मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे झेरॉक्स वाटल्या की अवघड उतारे माझ्याकडे यायचे. मी अर्थ सांगायचे, सगळे लिहून घ्यायचे आणि काम झालं की आपापसात बोलू लागायचे. मला ते ‘मॅडम’ म्हणत. चहाला खाली जाताना एकमेकांना नुसतं ‘चल’ म्हणत. मला मात्र ‘मॅडम, तुम्ही येता का?’ असं विचारत, आणि त्या ‘तुम्ही’ला मी ‘नाही’ म्हणायचे.

एका रविवारी जन्ममहिन्याचं प्रकरण होतं. लेखकाचं म्हणणं असं, की एकाच वर्गातल्या मुलांत जी काही महिन्यांनी मोठी असतात त्यांच्याकडे शिक्षकांचं लक्ष आधी जातं, आणि ते अंतर पुढे मिटतच नाही. सर म्हणाले, “इथंच तपासू. प्रत्येकानं जन्मतारीख सांगा, सालासकट.” आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले.

मला साल सांगायचं नव्हतं. बारावीनंतर मी सरळ बी.ए.ला आले, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर मधली दोन वर्षं मी लातूरला होते, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, रिपीटर बॅचमध्ये. दोन्ही वेळा झालं नाही. कॉलेजात माझ्याच वर्षाला असलेला मुदखेडचा मुलगा समोरच्या बाकावर बसला होता, आणि त्याला वजाबाकी येत होती.

“एक जून,” अर्धापूरहून येणाऱ्या ताई म्हणाल्या. चाळिशीच्या होत्या, केळीच्या बागेतलं काम आवरून यायच्या.

“एक जून,” त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले.

“माझी बी एक जूनच हाय, सर.”

पाचव्या एक जूनला सगळा वर्ग हसायला लागला.

“गुरुजीनं टाकली,” ताई म्हणाल्या. “माय म्हणली, लेक ज्वारी काढायच्या टायमाला झाली. गुरुजी म्हणले, रजिस्टरात ज्वारीचा रकाना न्हाई.”

“एकाच दिवशी एवढे जन्मले,” मुदखेडचा म्हणाला, “दवाखान्यात लई गर्दी झाली असंल!”

सर फळ्याकडे बघत राहिले. “सगळेच एका दिवसाचे. आता पुढे कोण आणि मागे कोण, ते या लेखकालाच इथं बोलावून विचारावं लागंल.”

माझी पाळी आली. माझा जन्म नोव्हेंबरचा आहे, दवाखान्यातला, मिनिटासकट लिहून ठेवलेला. मी म्हणाले, “एक जून.” आणि साल दोन वर्षांनी पुढचं सांगितलं.

“आगं बया, मॅडम बी आपल्यातल्याच!” ताई म्हणाल्या.

त्या दिवशी मी चहाला गेले. “इंग्लिश शाळेत बी गुरुजीच तारीख टाकतेत का गं?” ताईंनी विचारलं. मी म्हणाले, “हाव.” ‘हो’साठीचा हा इकडचा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता, कधी बोलले नव्हते. तो बरोबर जागी पडला की नाही, याचीच मला काळजी होती. कुणी हसलं नाही. पुढचे तीन रविवार मी त्यांच्यात उभी राहून चहा प्यायले.

निबंध लिहायला बसले तेव्हा पंचाईत झाली. संधी मिळाली आणि पुरेसे तास घातले की यश येतं, हा पुस्तकाचा दुसरा मुद्दा. लातूरला माझी फी भरलेली होती, खोली हवेशीर होती, आणि मी रोज चौदा तास बसायचे. ज्यांना संधी मिळाली नाही त्यांच्यासाठी लेखकाने पानंच्या पानं दिली होती. सगळं मिळूनही ज्याचं झालं नाही त्याच्यासाठी एक ओळ नव्हती. हे मी एका परिच्छेदात लिहिलं. मग तो गाळून दुसरा निबंध केला. वर्गात दोन्ही घेऊन गेले. पहिला वाचला तर चहा बंद होईल, असंच मी धरून चालले होते.

ताईंनी माझ्याआधी वाचलं. त्यांचा मुद्दा होता, की गुरुजींनी तारीख टाकताना गरीब-श्रीमंत पाहिलं नाही, सगळ्यांना एकाच रेषेवर उभं केलं. मग त्या वाचू लागल्या, “आमच्या वर्गात एक इंग्रजी शाळेतली मुलगी आहे. तिचीही तारीख एक जूनच.”

तो त्यांचा एकमेव पुरावा होता, आणि तो मी दिलेला होता.

मी उठून पहिला निबंध वाचला. तारीख खोटी होती, हेही सांगितलं. आवाज इतका लहान झाला होता की सरांनी दोनदा “जरा मोठ्यानं” म्हटलं.

“आमची तरी कुठं खरी हाय?” मुदखेडचा म्हणाला. थोडे हसले. पण त्यांची तारीख दुसऱ्याने टाकलेली होती, माझी मी. तो फरक त्यालाही कळला असावा, कारण तो लगेच आपल्या वहीची पानं चाळू लागला. सरांनी विचारलं, “हे लेखन पुस्तकाच्या बाजूनं आहे की विरुद्ध?” मी म्हणाले, “माहीत नाही.” त्यांनी पुढचं नाव घेतलं.

ताईंनी आपल्या कागदावरच्या त्या दोन ओळींवर रेघ मारली. नीट, पट्टीने. मला वाटलं, संपलं. वर्ग सुटल्यावर त्या माझ्या बाकापाशी आल्या.

“राग न्हाई आला, खोटं कशाला बोलू, आला थोडा. पन दोन वर्सं म्हणून तू एका ओळीत सोडून देलीस. मेसमध्ये जेवण कसं असायचं?”

“वरण पातळ असायचं,” मी म्हणाले.

“मंग? बाजूला कोण बसायचं?”

बाहेर बाकीचे पायऱ्या उतरत होते. मला स्टीलचं ताट आठवलं, त्याचे कप्पे आठवले, टेबलावर उघडं ठेवलेलं माझं रसायनशास्त्राचं पुस्तक आठवलं, वरणाचे डाग पडलेलं. ताई वाट बघत उभ्या होत्या. मी दोन वर्षं रोज दोन वेळा त्या टेबलावर जेवले होते, आणि बाजूला कोण बसायचं ते मला सांगता येईना.