जुन्या पुलाची खूण

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय, ते धड कळत नाही.

मी मोहालीत नोकरीला. रविवारी आमची सात-आठ जणांची हौशी टोळी युद्धात पडलेल्या, कधीच न सापडलेल्या विमानांचा माग काढायची. आमच्याकडे मदत मागायला आलेल्या सुमनमावशींचा दादा पासष्टच्या युद्धात विमानासकट घग्गर नदीच्या पुरात गेला. मावशी तेव्हा तेरा वर्षांच्या. साठ वर्षं त्या वाट बघत होत्या... कशाची? निदान एका जागेची.

घग्गरनं तेव्हापासून पात्र बदललंय. म्हणून पुलापाशी विमान पडल्याची खूण असलेला जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा — दोघांनी वेगवेगळा, मग ताडून बघायचा. हा आमचा नियम. दुसरा माणूस मी होतो. मी बसवलाच नाही. कंटाळा आला होता. टोळीतल्या जोशींनी आखलेली रेघ बघितली आणि ‘जुळलं’ असं लिहून मोकळा झालो.

दोन हिवाळे आम्ही त्या रेघेवरच्या पुलाखाली शोधलं. काही मिळालं नाही. मावशींनी तिथली मूठभर वाळू डबीत भरून देवघरात ठेवली.

मग एकदा ऑफिसात सहज तो नकाशा उघडला. नकाशातला पूल आम्ही शोधला तो नव्हताच! तो केव्हाच वाहून गेलेला. त्याचे खांब नदीच्या वरच्या अंगाला दीड मैलावर उभे आहेत.

एक फोन करायचा होता. केला नाही. का? टोळीतला सगळ्यांत काटेकोर माणूस म्हणून मी मिरवायचो — ते गेलं असतं. बस, एवढंच.

तीन महिन्यांनी त्या जुन्या खांबांपाशी वाळू उपसणारी यंत्रं आली. मी एकटाच जाऊन आलो. पात्रात नुसते खड्डे. ट्रकवाला म्हणाला, काही पत्रे निघाले होते, भंगारात दिले. कसले पत्रे? आता कोण सांगणार?

मावशींना शेवटचं भेटलो ते सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात.

“दादा तिथंच आहे ना रे? नक्की?”

“हो मावशी, पक्का.”

त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो? नाही. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, त्याला मी घाबरलो.

मावशींनी माझा हात ओढून कपाळाला लावला. मी लावू दिला.