कापसाच्या बोळ्याचा ताप

"आप्पा, लस अजून मंजूर झालेली नाही. हा बॅनर उतरवा."

"कोन म्हणस नही? मी सोता मंजूर करी आणेल शे."

आमच्या आरोग्य केंद्राच्या गेटवर बॅनर होता : आप्पांच्या अथक प्रयत्नांतून गावास कोरोनाची लस मंजूर! आप्पा म्हणजे ग्रामपंचायत निवडणुकीतले पॅनलप्रमुख. मतदान सहा दिवसांवर. मी तिथे औषधनिर्माण अधिकारी होतो. म्हणजे गोळ्या वाटणारा, आणि आयएलआर सांभाळणारा. आयएलआर म्हणजे लस ठेवायचा फ्रीज. त्यात पोलिओची लस होती, गोवराची होती. कोरोनाची नव्हती. कुठून असणार?

लसीची मंजुरी म्हणजे कंपनीनं चाचण्यांचे कागद दिल्लीला द्यायचे, तिथल्या तज्ज्ञांनी ते तपासायचे, शंका काढायच्या, मग परवानगी. त्या आठवड्यात कागद तिथेच होते. टीव्हीवर मात्र लस कधी येणार हे सगळे पक्ष सांगत होते, एक तज्ज्ञ सोडून. आमच्या शहादा भागात मंजुरीचा अर्थ वेगळा. मंजुरी म्हणजे नारळ. रस्ता मंजूर, सभामंडप मंजूर, हातपंप मंजूर. नारळ फुटला की काम झालं. पुढे रस्ता दिसला नाही तरी मंजुरीवर कुणी शंका घेत नाही.

त्यातच वरून ड्राय रनचा आदेश आला. ड्राय रन म्हणजे लसीविना लसीकरणाची तालीम. नाव नोंदवायचं, रांगेत बसायचं, सिस्टरनं दंडाला नुसता कापसाचा बोळा लावायचा, मग निरीक्षण कक्षात अर्धा तास बसायचं. सुई नाही, औषध नाही. माणसं आपलीच घ्यायची, आशाताई, शिपाई वगैरे.

आप्पा म्हणाले, "आशाताईस्ना फोटो कोन दखस? गावना मानसं बसाडा."

मी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "काय बिघडतं? इंजेक्शन तर द्यायचं नाहीये. सांभाळून घ्या." या 'सांभाळून घ्या'नं माझी बत्तीस वर्षांची नोकरी खाल्ली. मी सांभाळून घेतलं. चूक माझीच, नाही म्हणत नाही.

तालमीला पहिल्या खुर्चीत जमनाबेन. वय सदुसष्ट, पंधरा वर्षांची शुगर. केळीच्या बागेत अजून मजुरांवर ओरडणारी बाई. शेजारी आप्पा, हात जोडून. सिस्टरनं बोळा लावला, मोबाइल चमकले. मी प्रत्येकाला सांगत होतो, ही लस नाही, तालीम आहे. पण बाहेर आप्पांची रिक्षा भोंग्यावर ओरडत होती, "लस मंजूर! लस सुरू!" भोंग्यापुढे माझा आवाज काय पुरणार?

दुसऱ्या दिवशी तिघांना अंगदुखी. एकाचा दंड सुजला, तोही दुसरा. बोळा डाव्या दंडाला, सूज उजव्याला. मला हसू आवरेना. आप्पांनी तर ग्रुपवर टाकलंच : ताप आला म्हणजे लस लागू पडली, घाबरू नये.

चौथ्या दिवशी जमनाबेनच्या सूनबाई आल्या. सासूबाईंना ताप, जेवण बंद, चार पावलांवर धाप. माझं हसू तिथंच संपलं. मी टेस्टचं किट आणि ऑक्सिमीटर घेऊन निघालो. ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा चिमटा. पंच्याण्णवच्या वर आकडा असावा. जमनाबेनचा शहाऐंशी. टेस्ट पॉझिटिव्ह.

"माय, नंदुरबारला सिव्हिलला चला. लगेच."

"लसना ताप शे हाऊ. आप्पानी सांगं. उतरी जाई."

आप्पाही तिथंच आले. मला ओट्यावर नेऊन म्हणाले, "साहेब, दोन दिनवर मतदान शे. लस लिसन बाई आजारी पडनी, असा बोभाटा व्हयना ते मन्हा पॅनल बुडना. दोन दिन थांबा. नही ते तुमनी बदली मी मंजूर करी आणसू."

रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. पण आत बाई श्वासासाठी खांदे उचलत होती. मी आत गेलो आणि सगळ्यांदेखत बोललो.

"माय, ती लस नव्हती. नुसता कापसाचा बोळा होता. आम्ही तुम्हाला खोटं खोटं बसवलं. हा ताप कोरोनाचा आहे."

जमनाबेन धापा टाकत म्हणाल्या, "मंग अर्धा तास माले बसाडं कसाले?"

आणि उत्तराची वाट न बघता सुनेला म्हणाल्या, "मन्ही पिशवी भर. गाडी बलाव."

अकरा दिवस ऑक्सिजन लागला. बाई वाचली. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर वाचली नसती, असं सिव्हिलच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. आप्पांचं पॅनल दणक्यात निवडून आलं. बदली काही झाली नाही, पण मला नोटीस आली : लसीबाबत अफवा पसरवल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला, "लस नव्हती." वरून शेरा आला, "खुलासा असमाधानकारक."

पुढे दिल्लीची खरी मंजुरी आली. ज्येष्ठांची पाळी लागली तेव्हा आप्पा पुन्हा कॅमेरा घेऊन दारात. जमनाबेन खुर्चीत बसल्या, पण दंड उघडेनात.

"पहिले बाटली दखाड."

सिस्टरनं बाटली दाखवली. जमनाबेननं चष्मा लावला, बाटली उजेडात धरली, आत औषध हलतंय का ते पाहिलं, मग मागच्या बाईच्या हातात दिली. तिनं तिच्या मागचीच्या हातात. सिस्टर ओरडली, "अहो, गरम होईल ती!" शेवटी मीच बाटली हातात उंच धरून रांगेतून फिरलो. आप्पांकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता.

आता मी रिटायर झालोय. लसीबद्दल विचारायला लोक अजून घरी येतात. मी एकच सांगतो. मंजुरी दिल्लीची असो की आप्पांची, सुई टोचण्याआधी बाटली बघायला मागा. ज्याच्याकडे बाटली असते, तो ती दाखवायला रागावत नाही.