रोज साडेनऊला पाचशेवर येणारी डिस्क

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमच्या घरात अंगारा, लिंबू-मिरची, दृष्ट काढणं... कधी काही शिरलंच नाही. वडील रविवारी आम्हा भावंडांना विहारात घेऊन जायचे, आणि कोणी भुताचं नाव काढलं की "पुरावा दाखव" म्हणायचे. त्यात माझा धंदा सर्व्हर सांभाळायचा. तिथे कोणी, कधी, काय केलं याची कुठे ना कुठे नोंद असतेच. या कॉलममधले अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. आता माझाच लिहायला बसलोय.

मी मिलिंद, राहणार कल्याण पूर्व. मागच्या वर्षापर्यंत कोलशेतला, केमिस्टना औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीत होतो. कंपनीच्या सगळ्या ऑर्डरी एका व्हर्च्युअल मशीनवर होत्या. म्हणजे मोठ्या मशीनच्या पोटात चालणारा वेगळा कॉम्प्युटर. हात लावायला काही नाही, पण काम सगळं खरं. त्याची हुबेहूब नक्कल शीळफाट्याजवळच्या आमच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या सर्व्हरवर होती. कोलशेतला जे बदलेल ते थोड्या थोड्या वेळाने तिकडे जायचं. कोलशेत बंद पडलं तर शीळफाटा चालू करायचा, इतकं साधं. यात पथ्य एकच — इकडची डिस्क वाढवली तर तिकडच्या नकलेचीही तेवढीच वाढवायची. माप जुळलं नाही की नक्कल होणं थांबतं.

एका दुपारी कोलशेतची डिस्क भरत आली. पाचशे जीबीची साडेसातशे करायची होती. आमचे मॅनेजर मनोज सर जेवून येत होते, ते जिन्यातच म्हणाले, "आत्ता फक्त इकडची वाढव. शीळफाट्याला जागा नाहीये, तिकडचं मी बघतो."

"सर, मग कॉपी थांबेल."

"थांबू दे रे दोन दिवस. काय आभाळ कोसळतंय?"

माझ्या बाजूला सायली उभी होती. टीममधली नवीन मुलगी, अजून प्रोबेशनवर. तिने सगळं ऐकलं. मी डिस्क वाढवली, आणि हे बोलणं झालं असा एका ओळीचा मेल सरांना टाकायला हवा होता, तो टाकला नाही. कंटाळा केला. आमच्या धंद्यात याहून मोठा गाढवपणा नाही.

दोन दिवसांचे नऊ झाले. मी दोनदा आठवण केली, तीही तोंडीच. दहाव्या दिवशी सर्व्हर रूममधल्या एसीचं पाणी गळलं आणि कोलशेतचं मशीन गेलं. शीळफाट्याला नक्कल होती, पण नऊ दिवसांपूर्वीची. नऊ दिवसांच्या ऑर्डरी गायब! हेड ऑफिसचे लोक आले. सर त्यांच्यासमोर शांतपणे म्हणाले, "मिलिंदने हे परस्पर केलं, मला काही कल्पना नव्हती." मी सायलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मला त्याच दिवशी काढलं. वर सरांनी एक मेल टाकला — सगळा स्टाफ, हेड ऑफिस, शिवाय आम्हाला मशीन पुरवणारे सगळे व्हेंडर. एक प्रत माझ्या खाजगी पत्त्यावरही. "मिलिंद यांच्या निष्काळजीपणामुळे..." ठाण्यात आमच्या लाइनचे लोक एकमेकांना ओळखतात. वागळे इस्टेटला आणि घोडबंदरला असे दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्हीकडे समोरच्याने तो मेल वाचलेला. सोळा वर्षं घासून कमावलेलं नाव गेलं. मला नोकरीच्या आधी ते नाव परत हवं होतं... आणि सरांचं वाटोळं व्हायला हवं होतं. कशाला लपवू?

तीन आठवड्यांनी सायलीचा फोन आला. सकाळचे अकरा वाजले असतील. आवाज दबका.

"दादा, एक विचारू? तुम्ही काही करताय का?"

"मी? मी भाजी निवडतोय."

"तसं नाही दादा... शीळफाट्याची डिस्क. आम्ही दोन्हीकडे साडेसातशे केलीय. संध्याकाळपर्यंत सगळं जुळतं. सकाळी साडेनऊ-पावणेदहाला बघतो तर तिकडची पाचशे! कॉपी बंद. आठवडा झाला, रोज हेच चाललंय."

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो — डिस्क वाढवणं सोपं आहे, कमी करणं फार किचकट. जबरदस्तीने केली तर आतला डेटा फाटतो. इथे आतलं सगळं शाबूत होतं. डिस्क कोणी कमी केली याची कुठेही नोंद नव्हती. माझे पासवर्ड तर मला काढलं त्याच दिवशी बंद झालेले.

मी फोन ठेवला आणि हसत सुटलो. अर्चनाला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "चहा टाक. आलं घालून."

नंतर सायली रोजच फोन करायला लागली. "दादा, आज परत पाचशे." व्हेंडरचे लोक येऊन गेले. शीळफाट्याचा सर्व्हर नवा आणला. सरांना हेड ऑफिसमधून रोज झापत होते. मी प्रत्येक गोष्ट खोदून खोदून विचारायचो. सरांचा चेहरा कसा झाला होता, हेसुद्धा. एका सोमवारी ती म्हणाली, "काल मात्र टिकली दादा. काल दिवसभर साडेसातशे होती."

मी जेवताना अर्चनाला हे सांगितलं. ती घास हातात धरून थांबली. "काल आपण दिव्याला माझ्या भावाकडे बारशाला गेलो होतो. काल तू तो मेल वाचला नाहीस."

तिचं खरं होतं. नाश्ता झाला की मोबाइलवर सरांचा तो मेल उघडायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा, अशी मला सवयच लागली होती. वाचला की कानशिलं तापायची. वेळ तीच, साडेनऊची.

मी इंजिनीअर माणूस, लगेच प्रयोग लावला. दोन दिवस मेल उघडला नाही, डिस्क टिकली. तिसऱ्या दिवशी वाचला, पाचशे. पुन्हा एक दिवस सोडला, टिकली. वाचला, पाचशे. चार वेळा करून बघितलं, एकदाही चुकलं नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. उलट मी रोज नेमाने वाचायला लागलो. अर्चना चिडली, "मिलिंद, हे चांगलं नाही. तुला तरी पटतंय का?"

"मी काय करतोय? मला आलेला मेल वाचतोय."

"तुला माहितीय तू काय करतोयस."

माहीत होतंच. आणि फार बरं वाटत होतं.

एका शनिवारी दुपारी मनोज सर थेट घरी आले. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. दारातच आवाज चढवला, "सायबर पोलिसांत देईन तुला!" मी म्हटलं, "द्या. लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदींत, काय सापडलं तेही त्यांना सांगा." मग ते खाली बसले. पाणी प्यायले. "काय पाहिजे तुला?"

"मेल टाका. आधीचा ज्यांना ज्यांना गेला होता, त्या सगळ्यांना."

"मग बंद करशील ना हे?"

"मी काही चालूच केलेलं नाही सर. तुम्ही मेल लिहा."

आमच्या सोफ्यावर बसून त्यांनी मोबाइलवर टाइप केलं. "गैरसमजातून" असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. "'मीच तसं सांगितलं होतं', असं लिहा." त्यांनी लिहिलं. मग पाठवण्याआधी वाचायला मोबाइल माझ्या हातात दिला. शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक ओळ घातली होती — "त्या वेळी हजर असलेल्या सायली यांनी खरी माहिती लपवून ठेवल्याने माझा नाइलाज झाला."

ती ओळ मी दोनदा वाचली. मला आठवली ती तिची खाली घातलेली मान. रोज जीव मुठीत धरून मला फोन करणारी सायली त्या क्षणी आठवली नाही... किंवा आठवली असेल, मी तिला बाजूला सारलं. मी मोबाइल परत दिला आणि म्हटलं, "पाठवा."

त्या रात्री पोटभर जेवलो. सरांचा जुना मेल अर्चनासमोर डिलीट केला. महिन्याभरात वागळे इस्टेटला नोकरी लागली, साहेब स्वतःहून म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला हो." सायलीचे फोन बंद झाले. तिला आठवड्याच्या आत काढलं, हे मला एका व्हेंडरकडून कळलं. मी तिला फोन केला नाही. काय बोलणार होतो?

नवीन ठिकाणी माझ्याकडे तेच काम आहे. मशीन ठाण्यात, त्याची नक्कल डोंबिवली एमआयडीसीतल्या ऑफिसात. दोन्हीकडच्या डिस्क एक हजार जीबीच्या, मी स्वतः जुळवलेल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नक्कल होणं थांबलं. डोंबिवलीची डिस्क बघितली.

पाचशे.

घड्याळात नऊ पस्तीस. लॉग उघडले, काही नाही. संध्याकाळपर्यंत परत हजार केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी सायलीला फोन लावला. ती हल्ली दिव्याला मामाकडे असते.

"सायली, कशी आहेस?"

"बसून आहे दादा. कोणी घेत नाही."

"तो सरांचा मेल... तू अजून वाचतेस का?"

ती म्हणाली, "पाठवण्याआधी तुम्ही तो वाचला होतात का, एवढंच सांगा."

"हो."

"मग मला काय विचारताय?" तिने फोन ठेवला.

एका माणसाच्या रागाने दुसरीकडची डिस्क कशी कमी होते, याचं माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. ओळखीतल्या दोन हुशार माणसांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. पहिल्या वेळीही तो राग माझा होता की नुसता योगायोग, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आमच्या लाइनचे बरेच लोक हा कॉलम वाचतात, म्हणून एवढं इथे लिहून ठेवतो, आणि त्यासाठीच सायलीचं नाव बदललेलं नाही. नक्कल नऊ दिवस थांबण्यात तिचा काही संबंध नव्हता. ती घाबरून गप्प बसली, बस्स. मेलमधली ती शेवटची ओळ खोटी आहे हे मला पाठवतानाच माहीत होतं, आणि मी ती जाऊ दिली.

सायली, हे छापून आलं की तो मेल गेलेल्या प्रत्येकाला मी स्वतः पाठवणार आहे, माझ्या नावासकट. आज सकाळी परत पाचशे झाली. हे सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत तू तो मेल रोज वाच. मी तुला थांब म्हणणार नाही.