दोन्ही कानांनी ऐकणारा

सोलापूर-मंगळवेढा एसटीत तो माझ्या शेजारी होता. समुद्राच्या तळाखाली तेल शोधणाऱ्या जहाजावर नोकरी, सध्या सुट्टीवर. समोरचा बोलू लागला की हा आधी डावा कान पुढं करायचा, मग उजवा. मला ते नाटकीच वाटलं.

फोनवर त्याची बहीण होती. नवऱ्याशी भांडून सोलापूरला माहेरी आलेली, आणि हा तिच्या नवऱ्याकडंच निघालेला. मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं तिनं नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी सांगितली आणि शेवटी म्हणाली, "येळेवर जेवत्यात का, तेवढं बगून ये."

फोन ठेवून तो मला कामाचं सांगू लागला. "आमी पाण्यात आवाज सोडतो. तळाकडनं तो माघारी येतो. पण थोडा वर जातो, पाण्याच्या पाठीवर आपटून पुन्हा खाली येतो. तो नको असतोय. मग आवाज टिपणारी दोन तऱ्हेची यंत्रं ठेवायची. तळाचा आवाज दोन्हीत सारखा उमटतो, आपटून आलेला एकात सुलटा, दुसऱ्यात उलटा. बेरीज केली की उलटं कटतंय. सारखं ऱ्हातंय, तेच खरं."

मला हे जरा जास्तच सोपं वाटलं.

मंगळवेढ्याच्या स्टँडवर बहिणीचा नवरा उभाच होता. त्यानंही गाऱ्हाणी सुरू केली, सगळी तिच्या बरोबर उलट. हा डावा-उजवा कान करत ऐकत राहिला. शेवटी याची पिशवी उचलता उचलता नवरा पुटपुटला, "येळेवर जेवती का ती?"

याची मान थांबली.

"दाजी, घरी नगं. हीच गाडी माघारी सोलापूरला जातीय. चला की."