रिकाम्या जागेवर टेकलेलं बोट

भूतखेत, संकेत, दृष्टान्त... यातलं मी काहीच मानत नाही, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नाही. आमचं घरच तसं. बावीस प्रतिज्ञा लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ झालेल्या. शेजारच्या काकूंनी एकदा आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, तर अप्पांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – त्याच लिंबाचं सरबत करून काकूंना पाजलं! तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसले असते.

घर मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. रेडिओ दुर्बिणीनं आकाशाचा मोठा पट्टा पिंजून काढून दूरच्या दीर्घिकांचा नकाशा करायचं काम चाललंय, त्यात माझी पीएचडी. दुर्बीण पुण्याकडे, पण तिनं टिपलेलं लॅपटॉपवर येतं, म्हणून मी घरूनच काम करते. खरं कारण अप्पा. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही कळत नाही, आशा धरू नका. "आमची पोरगी आभाळाचा नकाशा काढती" असं चहाच्या टपरीपासून स्टेशनापर्यंत सांगत फिरणारा हा माणूस... त्याला पोरगी तरी ओळखू येते का, एवढंच मला कळायला हवं होतं.

काम सोपं करून सांगते. काही दीर्घिका दोन्ही बाजूंना प्रचंड झोत फेकतात. आम्हाला दिसतात ते टोकांचे दोन ठिपके. मधली दीर्घिका बऱ्याचदा दिसतच नाही. कुठला ठिपका कुणाचा जोडीदार, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं.

त्या दुपारी मी आकाशाचे दोन लगतचे फोटो स्क्रीनवर शेजारी लावले होते. यात एक ठिपका, त्यात एक, मध्ये भलतंच अंतर. दोन वेगळ्या दीर्घिका म्हणून मी त्यांची नोंद करून मोकळी झाले. संध्याकाळी सगळं पुण्याला पाठवायचं होतं. माझ्या मागे आई खुर्चीतल्या अप्पांच्या हाताला तेल चोळत होती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. बोट स्क्रीनवर टेकलं – दोन्ही फोटोंच्या शिवेवर, जिथं काहीही नव्हतं.

"इथं हाय," अप्पा म्हणाले. अगदी स्पष्ट, पूर्वीच्याच आवाजात. "दोन्ही इथूनच निघालेत, बाई."

आईच्या हातून तेलाची वाटी पडली. ती हळूच म्हणाली, "उजवा हात हाय गं तो."

मी आधी पोटभर रडले. मग स्क्रीनवर तेलाचा ठसा होता, तो पुसायच्या आधी त्या जागेचा साध्या, प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीतला फोटो तिथंच उघडून पाहिला. बरोबर ठशाखाली एक फिकट दीर्घिका! दोन्ही रेडिओ फोटो जोडले, तर तिच्यापासून दोन्ही ठिपक्यांपर्यंत अंधुक रेघा गेलेल्या. दोन नव्हेच, एकच – आणि आमच्या पट्ट्यातली सगळ्यात लांबलचक. पुण्याच्या माझ्या गाईड सरांनी चारदा तपासलं आणि मान्य केलं.

वाचा क्वचित परत येते, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं सांगितल्यावर मात्र त्यांनी पुन्हा स्कॅन केला, त्यात काहीच बदल नाही. माझ्या ऑनलाइन मीटिंगा ऐकून अप्पांना काम उमगलं असेल, हेही मानते. पण नेमकी तीच जागा? मला नाही सांगता येत. त्यानंतर अप्पा बोललेले नाहीत, हातही हललेला नाही. मी मात्र दिवसभरात काय सापडलं ते रोज त्यांना सांगते. त्यांना कळतं. याबाबतीत आता मी कुणाचं ऐकणार नाही.

शोधनिबंध लिहिला तेव्हा आभारात पहिलं नाव अप्पांचं घातलं. सरांचा मेसेज आला, हे गृहस्थ कोणत्या संस्थेतले, ते राहिलंय.

मी लिहून पाठवलं – मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.