थोरलीचं ॲव्हरेज

थोरलीचं बूड कधी एका जागी टेकलंच नाही, आणि नोकरी मिळाली ती नेमकी बसून करायची. टेलिफोन कंपनीत दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. कानाला हेडफोन, समोर कोरी भिंत. तोंडाने "गैरसोयीबद्दल क्षमस्व" चालू आणि टेबलाखाली दोन्ही पाय थडथड हलत. शेजारची वैतागून म्हणायची, "अगं, भूकंप थांबव! माझा चहा सांडतोय."

सकाळी धावून आलं की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं. बरोबर धाकटी बहीण असायची. ती वीजमीटरचं वाचन करत गल्लोगल्ली फिरायची. स्वभावाने निवांत, चार हाका मारल्याशिवाय न उठणारी. छोट्या शर्यतीत थोरली तिला सहज मागे टाकी. पण अर्धमॅरेथॉन आली की थोरलीचा जीव मेटाकुटीला यायचा आणि शेवटच्या टप्प्यात धाकटी आरामात बाजूने निघून जायची. वर विचारायची, "ताई, बरी आहेस ना?" ते विचारणंच थोरलीला जास्त झोंबायचं.

क्रीडा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला चाचणीसाठी धावपटू हवे होते, म्हणून दोघी गेल्या. फिरत्या पट्ट्यावर धावायचं, नाकातोंडावर मास्क. शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते यंत्र श्वासावरून मोजणार. आधी एका ठरावीक वेगाने, मग पाय उचलेनासे होईपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. "तुमचं इंजिन बहिणीपेक्षा मोठं आहे," त्या थोरलीला म्हणाल्या. "जोर लावलात तर तुम्ही तिच्यापेक्षा जास्त ऑक्सिजन वापरू शकता."

थोरली फुलली.

"पण त्याच वेगाला तिला तुमच्यापेक्षा कमी ऑक्सिजन पुरतो. तिची गाडी ॲव्हरेज चांगलं देते. लांबच्या पल्ल्यात ते फार महत्त्वाचं."

"म्हणजे माझा आळस कामी आला," धाकटी हसली.

थोरलीला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडाच शिरला. धाकटीसारखं धावायचं! ती बहिणीच्या मागे राहून तिच्या टाचा बघू लागली. पाऊल कसं टेकतं, कोपर किती वाकतं. स्वयंपाकघरातही तशीच चालायला लागली, तेव्हा आईने विचारलं, "लंगडतेस का गं?" धावणं दिवसेंदिवस जड होत गेलं. पोटऱ्या धरायला लागल्या.

एका सकाळी कालव्याच्या रस्त्यावर धाकटी मध्येच थांबली. "माझ्या मागे नको धावूस, ताई. पाठीला डोळे चिकटल्यासारखं वाटतं."

"तुला काय! तुला फुकटात मिळालंय."

"फुकटात? दिवसभर जिने चढते-उतरते मी, वर्षानुवर्षं. ते कुणी हिशेबात धरायचं?"

हे थोरलीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुन्हा चाचणी केली तर त्याच वेगाला तिला पूर्वीपेक्षाही जास्त ऑक्सिजन लागत होता. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "बहिणीची नक्कल सोडा. तुमच्या शरीराने आपली चाल आपण बसवलेली आहे. पाय मजबूत करा. वजनं उचला, उड्या मारा, चढावर धावा. फरक पडायला काही महिने लागतील."

"महिने?" वाट बघणं थोरलीच्या स्वभावातच नव्हतं.

तरी तिने केलं. गॅलरीत उड्या मारल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका तणतणत वर आले. "आमच्या डोक्यावर छत राहू द्या हो!" मग ती टेकडीच्या चढावर जाऊ लागली. रोज वाटे, काही उपयोग नाही. रोज उद्यापासून सोडायचं ठरवी आणि सकाळी बुटांच्या नाड्या बांधी.

पुढच्या अर्धमॅरेथॉनला वारा समोरून होता. शेवटचा पूल आला. आता धाकटी बाजूने निघेल म्हणून थोरलीने मन घट्ट केलं. पण धाकटी आलीच नाही. थोरलीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. पडली की काय? चक्कर आली? तिने मागे वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं, वेग कमी केला. अखेर धाकटी दिसली, लालबुंद, धापा टाकत.

"थांबलीस कशाला?" ती खेकसली. "माझ्यावर दया दाखवतेस? धाव!"

थोरली सुटली. काही पावलांच्याच फरकाने, पण पहिल्यांदाच ती धाकटीच्या आधी पोचली. धाकटी दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

पुढच्या शर्यतीत धाकटी पुन्हा पुढे गेली, त्याच्या पुढच्या वेळी थोरली. मग थोरलीने पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलं. धाकटीने कोपरापासून हात जोडले, म्हणाली, "तू जा, मी टाळ्या वाजवते." हल्ली थोरली एकटीच लांबवर जाते. पाय बरे चाललेत, धापही लागत नाही. पण एवढ्या मोठ्या अंतराला आपलं शरीर पुरेल का, हा विचार काही तिची पाठ सोडत नाही.