कलाबाईची विहीर आणि जावेचा वाळा

दारणेकाठी शेवंती पिकवणाऱ्या कलाबाईला जगात एकाच माणसाचा त्रास होता, धाकट्या जावेचा, चांगुणाचा. ब्याण्णव साली वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचा तुकडा कलाबाईनं भांडून घेतला. चांगुणाच्या वाट्याला शेजारचा नदीनं कुरतडलेला काठ आला. कलाबाई महिनाभर खुशीत होती.

मग चांगुणानं त्या काठावर वाळ्याचे, म्हणजे सुवासिक मुळांच्या त्या गवताचे, ठोंब लावले, पाण्यालगत निर्गुडीच्या काड्या खोचल्या. "गवतानं कुठं नदी अडती का?" म्हणत कलाबाई पोट धरून हसली. पाच पावसाळ्यांत ते हसू आटलं. चांगुणाचा काठ हलेना. उलट वाळ्यात गाळ अडून जमीन वाढली आणि बाईसाहेबांनी तिथं काकड्या घेतल्या! इकडे कलाबाईनं टाकलेले ट्रॉलीभर दगड पुरात गेले, काठ ढासळत विहिरीपासून नऊ पावलांवर आला. शहरातून लोक यायचे ते चांगुणाचा काठ बघायला, फोटो तिचेच काढायचे. कलाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिला विचारायचं? मेलं तरी नाही. चांगुणा बाजाराला गेलेली बघून एका दुपारी कलाबाईनं टोपलंभर ठोंब उपटून आणले आणि शेवंतीच्या सऱ्यांसारखे वरून खाली, नदीकडे उतरत्या ओळींत लावले. सगळा जन्म फुलांत गेलेला, तिला ओळ धरायला कोण शिकवणार? पावसाळ्यात पाणी नेमकं त्याच ओळींमधून सुसाट धावलं. काठ विहिरीपासून चार पावलांवर आला.

उघडीप मिळाली त्या सकाळी चांगुणा कुदळ आणि नवे ठोंब घेऊन हजर. कलाबाईची मान वर होईना.

"आक्का, वाळा आडवा लावायचा राहतो. पाण्याच्या वाटेत."

"मी नेला ते तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. तुम्ही इचारायला याल म्हणून थांबले होते."

दोघींनी आडव्या ओळी धरल्या. पुढच्या वर्षी मोठा पूर आला आणि विहिरीजवळचा काठ जागचा हलला नाही. उन्हाळ्यात चांगुणानं वाळ्याच्या मुळांची जुडी आणून कलाबाईच्या माठात सोडली. तेव्हापासून घोटाघोटाला जावेची आठवण यायची. कलाबाई मनातून जळायची आणि तांब्याभर पाणी जास्तच प्यायची.